आल्प्समध्ये चालायचंय: आई-बाबा, नऊ वर्षांची लेक आणि मे महिन्याची सुट्टी

पायवाट | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बाबांना यंदा पासष्ट पूर्ण होतील. तरुणपणी सह्याद्रीत भरपूर भटकलेत, कळसूबाई तर किती वेळा झालं त्यांनाच माहीत. त्यांचं एकच म्हणणं आहे, "आल्प्स बसच्या काचेतून बघायचे नाहीत, पायांनी बघायचेत." आई एकसष्ट वर्षांची. उजवा गुडघा कुरकुरतो, पण रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर चार किलोमीटर चालते. लेक नऊ वर्षांची, तिला डोंगरापेक्षा डोंगरावरच्या मॅगीत रस. मी आणि नवरा ऑफिसच्या खुर्चीत मुरलेले.

लेकीच्या सुट्टीमुळे १० ते २२ मे ठरवतोय. कच्चा आराखडा: पॅरिस ३ दिवस, इंटरलाकेन (स्वित्झर्लंड) ३, डोलोमाइट्स (इटली) २, व्हेनिस १, व्हिएन्ना ३. यात कुठले ट्रेक बसतील? तिकिटं अजून काढलेली नाहीत.

चकली | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५८

बारा दिवसांत पाच ठिकाणं. चालणं कुठे होणार, प्लॅटफॉर्मवर?

कातळकडा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं, वर गेल्यावर कॉफी प्यायची, दोन किलोमीटर सपाटीवर चालायचं आणि खाली येऊन "आल्प्स ट्रेक केला" म्हणून फोटो टाकायचे. बाबांना म्हणावं, भर श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने या, तिकिटाचे पैसे वाचतील.

झुरिकर | १२ फेब्रुवारी, पहाटे २:१०

कातळकडा, तुमच्याशी नंतर भांडतो. पायवाट, आधी वाईट बातमी ऐका. मे महिना आल्प्समध्ये कशाचाच नसतो. स्कीवाले गेलेले असतात, चालणारे यायचे असतात, आणि मधल्या काळात बरेचसे रोपवे नि गोंडोला वार्षिक देखभालीसाठी बंद असतात. गावातली कितीतरी हॉटेलं कुलूपबंद, कारण मालक स्वतःच कुठे तरी समुद्रावर पडलेले.

त्यात दोन हजार मीटरच्या आसपास आणि वर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, अजून बर्फ असतो. पोस्टकार्डावरचा भुसभुशीत नव्हे, तर दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला. पायवाट आडव्या उतारावरून जात असेल तर असा वीस फुटांचा पट्टासुद्धा काचेवरून चालल्यासारखा. नऊ वर्षांचं मूल आणि कुरकुरता गुडघा घेऊन तिथे पाऊल टाकू नये.

चालण्याचा खरा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. उंच खिंडी तर जुलैशिवाय मोकळ्या होत नाहीत. थोडक्यात, आपल्या शाळा उघडतात तेव्हा इथले डोंगर उघडतात. मी चौदा वर्षं इथे आहे. प्रत्येक नातेवाइकाला हे सांगतो आणि प्रत्येक नातेवाईक मे महिन्यातच येतो.

मे सुटतच नसेल तर खाली राहा. इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेनच्या दरीच्या तळातून श्टेखेलबेर्गपर्यंत सहा-सात किलोमीटरची जवळपास सपाट वाट आहे, दोन्ही बाजूंना कडे आणि कड्यांवरून धबधबे. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो. धबधब्यांसाठी मे झकास, कारण वरचा सगळा बर्फ तेव्हाच पाणी होत असतो. पण बाबांना डोंगरावर चालायचं असेल तर ठिकाण बदलण्याआधी तारीख बदला.

इसारतीर | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३५

झुरिकरांना अनुमोदन. मे साठी आणखी एक सुचवते. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये मेरानोच्या आसपास जुन्या पाटांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत, त्यांना वालवेग म्हणतात. आपल्याकडे बागायतीला पाणी देणारा पाट असतो ना, तसाच, फक्त डोंगराच्या कमरेला बांधलेला. चढ जवळपास नाही, एका बाजूला खळखळ पाणी, दुसऱ्या बाजूला सफरचंदांच्या बागा. कोकणातल्या माझ्या काकांना तिथे नेलं होतं. डोंगर बघायचे सोडून पाणी कुठून वळवलंय ते बघत फिरत होते.

डोलोमाइट्स मात्र दोन दिवसांत करायचे असतील तर करूच नका. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि त्यात ढग आले तर तुम्ही पाहणार फक्त पार्किंग. किमान पाच दिवस द्या. त्रे चिमे या सुळक्यांची प्रदक्षिणा जवळपास दहा किलोमीटरची आहे, आउरोंझोच्या झोपडीपासून (म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) सुरू होते. ती झोपडी २३२० मीटरवर आहे आणि तिथपर्यंत बस जाते, त्यामुळे कातळकडांना राग येईल, पण बाबांना आनंद होईल. तीन सुळके. मधला २९९९ मीटरचा. मला त्या एका मीटरची दरवेळी हळहळ वाटते.

हा सगळा दगड एके काळच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साठलेला. देओदा द डोलोमियो या फ्रेंच भूवैज्ञानिकावरून त्याला नाव मिळालं. आपला काळा बेसाल्ट आणि हा फिका, जवळजवळ पांढरा. सूर्य मावळताना तोच गुलाबी, मग केशरी होतो. तिथल्या लादिन भाषेत त्याला एनरोसादिरा असा खास शब्द आहे.

एक सावधगिरी. तिथे प्रत्येक जागेला किमान दोन नावं असतात, एक इटालियन आणि एक जर्मन. सुळक्यांसमोरच्या झोपडीचं नाव लोकातेल्ली, आणि तिचंच नाव द्रायत्सिनेनह्युटे. मी आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या वाटांनी निघालो होतो. ती म्हणे लोकातेल्लीला भेटू, माझ्या नकाशावर दुसरंच नाव. पाऊण तास आम्ही एकाच इमारतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकींच्या नावाने बोटं मोडत होतो.

पायवाट | १३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. आज घरी बैठक झाली. मे बाद. जून-जुलै म्हणजे शाळेचा पहिलाच महिना, वर नवऱ्याचं ऑडिट. मग मी सप्टेंबर म्हटलं तर आईने फोनवर एकच वाक्य टाकलं: "गौरी सोडून मी कुठेही येणार नाही."

तर आता गौरी-गणपती विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं असं ठरतंय. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा चालेल ना? आणि पॅरिस, व्हेनिस, व्हिएन्ना तिन्ही कापलं. नवरा पॅरिससाठी सुतकात आहे.

चकली | १३ फेब्रुवारी, रात्री ११:१२

पितृपंधरवड्यात प्रवास नको म्हणणारी आत्या आहे का घरात?

पायवाट | १३ फेब्रुवारी, रात्री ११:१४

आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

झुरिकर | १४ फेब्रुवारी, रात्री १२:३०

सप्टेंबरअखेर उत्तमच. दुपारच्या वादळांचं प्रमाण जुलै-ऑगस्टपेक्षा कमी, हवा स्वच्छ, गर्दी ओसरलेली, गवत पिवळं पडायला लागलेलं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवस बारा तासांवर आलेला असतो. आणि एखाद्या रात्रीत दोन हजार मीटरपर्यंत नवा बर्फ पडू शकतो. तसं झालं तर दोन दिवस खाली फिरायचं, बहुतेकदा तो वितळतो.

आता पाट्यांबद्दल, कारण स्वित्झर्लंडमध्ये चालणं म्हणजे पाट्या वाचणं. देशभरात सुमारे ६५,००० किलोमीटरच्या खुणा केलेल्या वाटा आहेत. साधी पिवळी पाटी म्हणजे कुणीही चालावं. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट: अरुंद, मध्येच खडी, चांगले बूट हवेत, डोकं गरगरत असेल तर नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हात लावून चढणं, कधी दोर, कधी हिमनदी. त्या वाटेला तुम्ही जायचंच नाही, फोटोपुरतंही नाही.

पाटीवर किलोमीटर नसतात, वेळ असते. ती सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून, त्यात चढ-उतार मिळवून काढलेली असते. विश्रांती, फोटो, "आजी, शू लागली" हे काहीही त्यात नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी वाट उघडी आहे का ते बघा. इथले डोंगर हल्ली जागचे हलतात. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचं दहा टक्के बर्फ गेलं. २८ मे २०२५ ला ल्योचेनटालमधल्या ब्लाटेन गावावर अख्खी हिमनदी दरडीसकट कोसळली. तीनशेच्या आसपास लोक आधीच हलवले होते म्हणून, नाहीतर काय झालं असतं. म्हणून बंद वाटेची फळी दिसली की तिला वळसा घालून जायचं नाही.

वाटचुकार | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१८

पाटीवरच्या वेळेबद्दल माझी कर्मकथा. ग्रिंडेलवाल्डच्या वर फिर्स्ट नावाचा टप्पा आहे, २१६८ मीटर. तिथून बाखआल्पझे तळं पाटीवर तासाभराच्या आत. आम्ही एका सहल कंपनीबरोबर होतो, नाव सांगत नाही. त्यांच्या माणसाने "दोन तास मोकळे, मग खाली भेटू" म्हणून सोडलं आणि तो बसकडे गेला. आम्हाला जायलाच दीड तास लागला. तळ्यात समोरची शिखरं उलटी दिसत होती, मग तिथे अर्धा तास. परत आलो तर शेवटची गोंडोला गेलेली. तिची वेळ खालच्या स्टेशनात फळ्यावर ठळक लिहिलेली होती, आमच्यातल्या कुणीही वाचली नव्हती, ती चूक आमचीच.

अकराशे मीटर उतार. मोबाइलचा टॉर्च, बायकोच्या पायात पांढरे स्नीकर्स. वाट चांगली होती म्हणून निभावलं. खाली पोचलो तेव्हा पावणेदहा, आणि बस साहजिकच नव्हती. आता कुठेही गेलो की आधी शेवटच्या गाडीची वेळ हातावर पेनाने लिहितो. बायको हसते, हसू दे.

सत्तरीची भटकी | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

पायवाट, तुझ्या आईसाठी लिहितेय. सगळे सांगतात वर गोंडोलाने जा आणि उतरत या, सोपं असतं. गुडघेवाल्यांसाठी हे साफ उलटं आहे. क्लायने शायडेगहून वेंगेनला उतरायचं म्हणजे पावणेआठशे मीटर, सिंहगड आतकरवाडीला उतरण्यापेक्षा जास्त. चढताना दम लागतो, पण दम पाच मिनिटांत परत येतो. उतरताना गुडघा बिघडला की सहल संपली. म्हणून चढ पायांनी आणि उतार गाडीने, किंवा सरळ सपाट वाटा.

दोन काठ्या घ्यायच्या, एक नव्हे. उतारावर त्या थोड्या लांब करायच्या. बूट इथेच घेऊन महिनाभर तळजाईला घालायचे. नवे कोरे बूट विमानात नेऊन तिथे पहिल्यांदा घालणारी माणसं मी पाहिली आहेत, तिसऱ्या दिवशी ती चपलांवर असतात.

हिशेबनीस | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

भावनिक प्रतिसाद झाले, आता पैशांचं.

एकाच गावात आठवडाभर राहणार असाल तर हाफ फेअर कार्डाचा (निम्म्या भाड्याचं स्विस सवलत कार्ड) हिशेब आधी मांडा. डोंगरी गाड्यांवर ते बहुतेकदा स्विस ट्रॅव्हल पासपेक्षा जास्त सूट देतं. युंगफ्राऊयोखच्या रेल्वेचंच बघा, हाफ फेअरवर निम्मं, पासवर पाव सूट. ६ ते १५ वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर आई किंवा वडील सोबत असतील तर प्रवास फुकट. आजी-आजोबांसोबत नव्हे, आई-वडिलांसोबत. म्हणजे बाबा आणि नात दोघंच सटकले तर तिकीट पडेल.

युंगफ्राऊयोखला जायचं की नाही? ३४५४ मीटर, १९१२ साली पोचलेली रेल्वे, आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातला बोगदा, हे सगळं थोर आहे. पण माणशी भाडं दोनशे फ्रँकच्या पुढे, वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीकडे बघायचं. आदल्या दिवशी तिकीट काढू नका. सकाळी वेबकॅम बघा आणि मग ठरवा.

विमा: शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच लागतंच, पण ती फक्त व्हिसाची अट. डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि 'साहसी प्रकार' या शब्दांखाली साधं डोंगरात चालणं वगळलंय का, ते बारीक अक्षरांत वाचा. एजंट "सगळं कव्हर आहे हो" म्हणेल, त्याच्याकडून लेखी घ्या. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव पथकाचा नंबर १४१४, युरोपभर ११२.

खाणं: थेपले, लाडू, चटणी खुशाल न्या. पेढे, खवा, तूप नको, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली सोडून. पाणी विकत घेऊ नका. गावोगावी दगडी हौदात नळ चालू असतो, "पिण्याचं पाणी नाही" अशी पाटी नसेल तर तोंड लावा.

कातळकडा | १५ फेब्रुवारी, रात्री १२:४८

बरं, कबूल करतो. २०१८ ला गेलो होतो, कंपनीच्या कामाला जोडून तीन दिवस. कुणाला सांगितलं नाही कारण ग्रुपमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

कांडरश्टेगहून ओशिनेनझे तळं आणि तिथून ब्ल्युम्लिसआल्पची झोपडी, स्विस आल्पाइन क्लबची. क्लब १८६३ चा. झोपडी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी नव्हे, दगडी दोनमजली घर. २८०० च्या वर. गावातून पायी निघालो तर साडेसोळाशे मीटरचा चढ, म्हणजे समुद्रसपाटीपासून अख्खं कळसूबाई एका दिवसात. पाळण्यात बसलो नाही, याची नोंद घ्यावी.

अर्ध्या वाटेत झाडं संपली. आपल्याकडे माथ्यावरही कारवी असते, करवंदाची जाळी असते, माकड असतं. इथे एका उंचीनंतर नुसता दगड, त्याच्या वर हिमनदी, आणि ती आवाज करते. दुपारी दूर कुठेतरी ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज यायचा. वळून बघेपर्यंत काही नाही.

झोपडीत शिरताच बूट एका खोलीत काढून ठेवायचे, तिथल्या सपाता घालायच्या. साडेसहाला जेवण, उशिरा आलात तर तुमचं नशीब. कुणाशेजारी बसायचं ते त्यांनीच ठरवलेलं. मी शाकाहारी हे आरक्षणातच कळवलं होतं, मला वेगळी वाटी आली, कुणी प्रश्न विचारला नाही. सूप, कोशिंबीर, चीज घातलेला पास्ता, गोड. झोपायला लांबलचक फळीवर एकाला एक लागून गाद्या, पांघरूण त्यांचं पण आतली पातळ पिशवी आपली न्यावी लागते. दहाला दिवे बंद. पहाटे गिर्यारोहक डोक्याला दिवे लावून कुजबुजत निघाले. माझ्या डावीकडचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, रात्रभर घोरले आणि सकाळी माझ्या आधी वर होते.

दुसऱ्या दिवशी होहट्युर्ली खिंडीतून पलीकडे उतरलो. घसाऱ्यावर लाकडी पायऱ्या ठोकल्यात, आणि त्या बघून मला आपल्या किल्ल्यांवरच्या रेलिंगांचा जो राग येतो तो इथे आला नाही. का ते अजून कळलेलं नाही.

चकली | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

कातळकडा पाळण्यात न बसता उघडे पडले.

झुरिकर | १५ फेब्रुवारी, दुपारी २:१५

@कातळकडा, पुढच्या वेळी कळवा, मीही येतो. पाळण्यांबद्दल मात्र एवढंच: हे पाळणे नसते तर पायवाटच्या आईने तळजाईच्या पलीकडे डोंगर पाहिला नसता.

पायवाट, गाईंबद्दल राहिलं. वाट कुरणातून जाते. कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्यायचं, आणि तार विजेची असू शकते. वासरू असलेल्या गाईपासून लांब राहायचं, वासराला हात लावायचा नाही. इथे गाई माणसांना तुडवतात, खोटं वाटेल पण खरं आहे.

पायवाट | १५ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आईला हे कसं सांगू? ती गाय दिसली की आधी पिशवीत पोळी शोधते.

(धागा वर काढतेय)

पायवाट | ९ ऑक्टोबर, रात्री ८:५०

आलो! आता वृत्तांत लिहिते.

सात रात्री वेंगेन, शेवटचे तीन दिवस जिनिव्हा सरोवराकाठच्या लावोच्या द्राक्षमळ्यांत. डोलोमाइट्स यावेळी नाही, इसारतीर, पण बाबांनी नकाशा आत्ताच मागवलाय. वेंगेनमध्ये गाड्या नाहीत, दरीतून दातेरी रुळांची रेल्वे वर येते. पहिल्या सकाळी आई खिडकीत चहा घेऊन उभी होती, समोर युंगफ्राऊ. चहा गार झाला. मग तिने तो गारच प्यायला, आमच्या घरात हे कधी घडलेलं नाही.

पहिल्या दिवशी मुद्दाम सपाट वाट घेतली, ग्रुच्आल्प ते म्युरेन. पाटीवर एक तास दहा मिनिटं, आम्हाला लागले दोन तास पाच. लेकीने मागच्या पानावर भागाकार केला, आलं १.८ च्या जवळ. तिने त्याला 'आजी-गुणक' नाव दिलं. पुढचे सगळे दिवस पाटी दिसली की ही आधी वही काढायची, पाटीवरची वेळ गुणिले गुणक, त्यात अर्धा तास खाण्याचा, आणि शेवटच्या गाडीतून वजा. वाटचुकार, तुमच्यासारखं हातावर पेनाने लिहिलंच, पण तिने.

म्युरेन १६३८ मीटरवर आहे. बाबांना हे स्टेशनच्या पाटीवर दिसलं आणि ते थांबलेच. "कळसूबाई १६४६. म्हणजे हे गाव शिखराच्या आठ मीटर खाली. इथे लोक दूध आणायला जातात." ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना हेच सांगत होते, हॉटेलवाल्या बाईंनाही. तिने नम्रपणे विचारलं, "आणि कळसूबाई कुठे आहे?" मग अर्धा तास तिची सुटका नव्हती.

तिसऱ्या दिवशी झुरिकर म्हणाले तसंच झालं. सकाळी वेबकॅमवर वरचं मेनलिखेन शिखर पांढरं, रात्रीतून बर्फ. खाली पाऊस. मग ट्र्युमेलबाखला गेलो. डोंगराच्या पोटात धबधबे आहेत, आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं सगळं पाणी तिथून येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत बोलता येत नाही, कठड्याला हात लावला तर तो थरथरतो. लेकीने माझा हात सोडला नाही, आणि बाहेर आल्यावर म्हणाली परत जाऊया.

पाचव्या दिवशी मेनलिखेन ते क्लायने शायडेग. वर वेंगेनहून रोपवेने, वाट हलक्या उताराची, खाली येताना रेल्वे. आईला हीच वाट सगळ्यांत आवडली. पाटीवर एक तास वीस, आम्हाला दोन तास दहा, गुणक १.६ वर आला, आईला त्याचा फार अभिमान. सावलीत बर्फ थोडा होता, काठ्या उपयोगी पडल्या, धन्यवाद सत्तरीच्या भटकी. चालताना समोर आयगरची उत्तर भिंत मोठी मोठी होत जाते. १८०० मीटर सरळ दगड. १९३८ च्या जुलैत दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन पहिल्यांदा तो चढून गेले. बाबा दुर्बिणीतून बराच वेळ काही शोधत होते. मी विचारलं काय, तर म्हणाले, "वाट."

आता भांडण. सहाव्या दिवशी फिर्स्टहून बाखआल्पझे. तळ्यावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. पुढे फाउलहोर्न, २६८१ मीटर, माथ्यावर जवळजवळ दोनशे वर्षं जुनं हॉटेल. पाटीवर आणखी दीड तासाच्या आसपास. बाबा म्हणाले, "तुम्ही बसा, मी एकटा जाऊन येतो. ही काय लढाई आहे?" मी नको म्हटलं. ते म्हणाले मी त्यांना म्हातारं समजते. मी म्हटलं, समजत नाही, मोजते. हे बोलायला नको होतं. मग लेकीने वही पुढे केली. दीड गुणिले १.६, परत फिर्स्टला यायचा वेळ, शेवटची गोंडोला. आकडा चाळीस मिनिटांनी पुढे जात होता. बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे पाठ करून बसले, बेसनाचा लाडू काढला, सावकाश खाल्ला, बोटं झटकली. मग वही मागून घेतली आणि गुणाकार पुन्हा तपासला. "बरोबर आहे," एवढंच. उतरताना लेकीची पाठपिशवी त्यांनी घेतली.

आणि गाई! वेंगेनच्या शेवटच्या दिवशी खाली आलो तर दरीत रस्ता अडवलेला. आधी फक्त आवाज, घंटांचा, एकसुरी नाही, भांड्यांच्या दुकानात गोंधळ झाल्यासारखा. मग वळणावरून गाई आल्या. उन्हाळाभर वरच्या कुरणात असतात, सप्टेंबरात खाली आणतात. शिंगांमध्ये पाइनची डहाळी, फुलं, गळ्यात तळहाताएवढ्या रुंद चामडी पट्ट्याला टांगलेली घंटा, पातेल्याएवढी. पुढे चालणाऱ्या गाईला सगळ्यांत मोठी. आई म्हणाली, "अगं, हा तर पोळा." तिने पोळी काढली नाही, मी बघत होते. लांबूनच हात जोडले. एका शेतकऱ्याने ते पाहिलं आणि टोपी काढली. शेणाचा वास माझ्या बुटांना अजून आहे.

खर्चाचं नंतर टाकते, नवरा एक्सेल बनवतोय.

सत्तरीची भटकी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आईचा गुडघा?

पायवाट | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३४

टकाटक. एकही मोठा उतार केला नाही. लावोच्या मळ्यांत मात्र पायऱ्याच पायऱ्या निघाल्या, तिथे एक दिवस तिने बाकावर बसून द्राक्षतोडणी बघितली.

इसारतीर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०१

नकाशावर दोन्ही नावं आहेत ना ते बघून घे!

कातळकडा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१७

बाबांना माझा नमस्कार सांगा. फाउलहोर्न मलाही करायचंय, बोलायला सांगा त्यांना माझ्याशी. गुणक सध्या किती?

पायवाट | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

काल आजोबा-नात सिंहगडावर गेले होते, आतकरवाडीतून. लेक रडकुंडीला येऊन परतली. वाटेत वेळेची एकही पाटी नाही, भागायचं कशाने?